अवमान कोणाचा? ‘आपका बंटी’ पुन्हा वाचताना

मन्नू भंडारी यांची ‘आपका बंटी’ ही हिंदी कादंबरी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने आली. माळव्यातील मराठी घरांत हिंदी पुस्तकांसाठी वेगळे कपाट ठेवण्याची रीत नव्हती. त्यामुळे हे पुस्तक आमच्याकडे अनुवादाची वाट न पाहता आले आणि माझ्या आईच्या पिढीने ते डोळे पुसत वाचले. लेखिकेचा जन्म भानपुऱ्याचा, म्हणजे यशवंतराव होळकरांनी जिथे देह ठेवला त्या गावचा; अजमेरला जाण्यापूर्वी त्यांच्या वडिलांचे बिऱ्हाड इंदुरातच होते. इतकी जवळीक असूनही या कादंबरीविषयीची आपल्याकडील चर्चा एकाच वाक्यापाशी थांबलेली दिसते : आईबाप वेगळे झाले की मुलाचे हाल होतात. कादंबरी एवढेच सांगत असती तर पन्नास वर्षे टिकली नसती.

अलीकडे ती पुन्हा वाचण्याचे निमित्त वाङ्मयीन नव्हते. नात्यातल्या एका मुलीबरोबर वर्ष-दीड वर्ष एका कौटुंबिक न्यायालयात जावे लागले. तेथील बाकावर बसून मी हे पुस्तक वाचले. शेजारी बसलेल्या माणसांच्या तोंडी ‘अवमान याचिका’ हा शब्द चहाइतका सहज येत असे. त्या वातावरणात वाचताना पूर्वी कधी न जाणवलेली एक गोष्ट ध्यानात आली. या कादंबरीत न्यायालयाचा अवमान कोणीही करीत नाही.

कथानक बहुतेकांच्या स्मरणात असेल. शकुन महाविद्यालयाची प्राचार्य, अजय कलकत्त्यात. दोघे बरीच वर्षे वेगळे राहत आहेत. वकील चाचा कागद घेऊन येतात, आणि ते मनुष्य म्हणून वाईट नाहीत. आरोप-प्रत्यारोप न होता सह्या होतात. अजय गावी आला की सर्किट हाऊसमध्ये उतरतो, बंटीला भेटीला बोलावतो, फिरवतो, खेळणी देतो. शकुन भेटीला आडकाठी करीत नाही. पुढे ती डॉक्टर जोशींशी विवाह करते. त्यांना पहिल्या पत्नीची दोन मुले आहेत. त्या घरात बंटीला आपली जागा सापडत नाही, तेव्हा वडील त्याला कलकत्त्याला नेतात. तिथे दुसरी पत्नी मीरा आणि तिचे मूल. अखेर बंटी वसतिगृहाच्या वाटेवर. यातील एकही कृती बेकायदा नाही. एखाद्या चोखंदळ न्यायाधीशासमोर हे सर्व कागद ठेवले, तर दोन्ही पालकांच्या सहकार्याबद्दल तो समाधानच व्यक्त करील.

योगायोग असा की न्यायालय अवमान कायदाही १९७१ चाच. त्यातील दिवाणी अवमानाची व्याख्या हुकमाची हेतुपुरस्सर अवज्ञा आणि न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंग यांपुरती आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि प्रामाणिक क्षमायाचना न्यायालयाला पटली तर तीही माफ. कनिष्ठ न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार या कायद्याने उच्च न्यायालयाला दिलेला आहे. म्हणजे ज्या न्यायाधीशाने मुलाला समोर पाहिले, त्याच्याशी बोलला, त्याच्या दालनातून प्रकरण वर जाते. वर पोचते ते मूल नव्हे, कागद. आणि त्या कागदात विचारलेला प्रश्न ‘मुलाचे काय झाले’ हा नसतो. ‘हुकूम मोडला काय’ हा असतो.

यात न्यायालयांना दोष देण्याचा हेतू नाही. मूल ही आईबापांची मालमत्ताही नव्हे आणि खेळणेही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवले आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचे हित सर्वोपरी मानले. त्याच कायद्यात पिता हा नैसर्गिक पालक आणि ‘त्याच्यानंतर’ माता असे शब्द होते. त्या ‘नंतर’चा अर्थ केवळ ‘मृत्यूनंतर’ असा नाही, हे ठरायला १९९९ उजाडले, आणि तेही गीता हरिहरन या कादंबरीकार स्त्रीने केलेल्या याचिकेमुळे. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात दोन्ही पालकांकडे संयुक्त ताबा देण्याची शिफारस केली. विचार पुढे सरकतो आहे. पण शब्द पाहा : ‘ताबा’. घराचा ताबा, शेताचा ताबा, मुलाचा ताबा. इंग्लंडमध्ये १९८९ च्या बालक कायद्याने पालकत्वाची भाषा हक्काकडून जबाबदारीकडे वळवली. आपल्याकडे दाव्याचा मथळा अजून ताब्याचाच असतो, आणि ज्याचा ताबा सांगायचा ती वस्तू हातून सुटली की माणूस चिडतो, हे ओघानेच आले.

पुस्तकाचे नावही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. ‘आपका बंटी’ हे वरवर पाहता पत्राखालच्या सहीसारखे दिसते. परंतु आत जावे तसे कळते की प्रत्येक जण त्याला ‘माझा’ म्हणतो, आणि त्या ‘माझा’मध्ये समोरच्याला उद्देशून ‘तुझा नव्हे’ हे दडलेले आहे. शकुनच्या बाबतीत तर लेखिकेने हे उघड केले आहे : बंटी हा तिचा मुलगा आहे तसे अजयला छळण्याचे हत्यारही आहे, हे तिचे तिलाच उमगते. आपल्या मंडळींत या पुस्तकावर बोलताना ‘नोकरी करणारी बाई’ हा मुद्दा हमखास निघतो. महाविद्यालयात जाण्यापूर्वी आरशासमोर बसून वेगळीच होणारी मम्मी बंटीला परकी वाटते, यावरून वाचकांनी शकुनला दोषी ठरवले. मुलाचा डोळा हा साक्षीदाराचा डोळा आहे. निकाल देण्याचे काम लेखिकेने त्याच्याकडे सोपवलेले नाही. ही गल्लत झाली की पुस्तकाची धार जाते.

विवाहाच्या वादात तुरुंगाचा धाक मराठी वाचकाला नवा नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद भोगा असे सुनावले होते, आणि त्यांनी कैदेची तयारी दाखवली. हुकमाने नाते जुळत नाही हे तेव्हाच दिसले होते. मुलांच्या बाबतीत पेच अधिक अवघड आहे. कारण इथे अवज्ञा खपवून घेतली तर ज्या पालकाकडून मूल हिसकावले गेले त्याला काहीच उरत नाही. आणि शिक्षा केली तर ती मुलाच्याच आईला किंवा बापाला होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशस्थ अशा एका पित्याला अवमानाबद्दल एकूण एक वर्षाची कैद आणि पंचवीस लाख रुपये दंड सुनावला. २०२० मध्ये मुलाचा ताबा घेताना न्यायालयाला दिलेल्या हमी त्याने मोडल्या होत्या. शिक्षा योग्यच होती. पण ती सुनावली गेली तेव्हा मुलगा परदेशातच होता.

हे टोकाचे उदाहरण. रोजचे वेगळे असते. त्या न्यायालयाच्या बालकक्षात दर दुसऱ्या व चौथ्या शनिवारी एक आजी स्टीलचा डबा घेऊन येत. बरोबर त्यांचा मुलगा, म्हणजे मुलाचा बाप. वेळ अकरा ते एक. कधी मूल येई. आईने दाराशी सोडलेले, मान खाली, डब्यातल्या लाडवाला हात न लावणारे. कधी त्याच्याऐवजी डॉक्टरांचा दाखला येई. एकदा तो बाप माझ्याशी बोलताना म्हणाला, “काका, हुकूम पाळला जातोय हो. तक्रारीला जागाच नाही.” त्याच्या पत्नीला विचारले असते तर तीही हेच म्हणाली असती, कारण पोटगीचे पैसेही दर महिन्याला दहा तारखेला न चुकता जमा होत होते. सर्किट हाऊसच्या खोलीत वडिलांसमोर काय बोलावे हे न सुचणारा बंटी मला त्या बाकावर जसा समजला तसा विद्यार्थिदशेत समजला नव्हता.

कादंबरीत उणिवा आहेत. अजय फार दूर राहतो. त्याच्या मनात काय चालते हे आपल्याला बहुतांशी इतरांच्या तोंडून कळते, आणि मीरा तर बाह्याकृतीपलीकडे जात नाही. उत्तरार्धात बंटीवर आघातांची रांग लागते, तिथे लेखिकेचा हात दिसू लागतो. आपल्या निर्मितीबद्दल मात्र त्या हळव्या होत्या. या कादंबरीवरून निघालेल्या ‘समय की धारा’ या चित्रपटाने पात्रांचे आणि शेवटाचे रूप बिघडवले म्हणून त्या स्वतः दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि १९८६ च्या त्या निर्णयाने कृतीवरील लेखकाचा नैतिक हक्क आपल्याकडे ठळकपणे मान्य झाला. हक्क विकल्यानंतरही कृतीची काळजी उरते, असा तो निर्णय. घटस्फोटाच्या निकालपत्रांत याच्या जवळ जाणारे शब्द क्वचितच भेटतात.

या वाचनात मला सर्वांत जास्त आठवत राहिली ती फूफी. ती घरात काम करणारी बाई, नात्याने कोणी नव्हे. बंटीला गोष्टी सांगते, रागावते, जेवू घालते. शकुनच्या लग्नाच्या सुमारास ती हरिद्वारची वाट धरते. पुढे नव्या घरात आणि मग कलकत्त्यात बंटी जे काही शोधतो त्यातले पुष्कळसे तिच्याबरोबर गेलेले आहे. पण ती गेल्याची नोंद कोणत्याही दाव्यात होणार नाही, तिला भेटीचा शनिवार मिळणार नाही. ती नव्हती, म्हणून हुकूम कुठे मोडत नाही.

बालकक्षातल्या त्या आजी पावसाळ्यानंतर दिसल्या नाहीत. मुलगा एकटाच येऊ लागला. डबा तोच असे.