काचेवरचे ऋतू

हेलसिंकीतला माझा पहिला डिसेंबर. संध्याकाळी पाच वाजता ट्रामच्या स्टॉपवरून आईला फोटो पाठवला. सूर्य सव्वातीनच्या आसपासच मावळला होता आणि मला तिला तो काळोख दाखवायचा होता. अंबडजवळच्या आमच्या गावातून लगेच व्हॉइस नोट आली: "लई उजेड दिसायलाय की तिकडं!"

चूक तिची नव्हती. फोनच्या नाइट मोडने अनेक फ्रेम एकत्र करून अंधार उजळवला होता. बर्फाचं उलटं होतं. समोरचं दृश्य सरासरी करडं असणार असं मीटर धरून चालतो, म्हणून पांढरा बर्फ मळकट येतो. ऑटो व्हाइट बॅलन्स संध्याकाळचा निळेपणा पुसत जातो. म्हणजे ऋतू जे काही करतो, ते फोन दुरुस्त करून देतो.

उरलेली दुरुस्ती आपण करतो. परदेशातल्या मराठी पोरापोरींचे इन्स्टाग्राम बघा. ऑक्टोबरची लाल-पिवळी पानं (फिनिश भाषेत त्यांना 'रुस्का' म्हणतात), मग पहिला बर्फ आणि हात पसरून उभे आपण. या दोहोंमधला नोव्हेंबर कुणीच टाकत नाही. पानं गळलेली, बर्फ टिकत नाही, नुसता पाऊस आणि चिखल. माझ्याही गॅलरीत तो महिना नाही, आणि सगळ्यात एकटा मी त्याच महिन्यात होतो. या फोटोंत ऋतूचं आगमन दिसतं, मुक्काम दिसत नाही.

मुक्काम मला दिसला तो तिथल्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात. योसेफ सुडेक हा प्रागचा फोटोग्राफर. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे प्राग नाझींच्या ताब्यात असताना कॅमेरा घेऊन बाहेर हिंडणं अवघड झालं, तेव्हा त्याने स्टुडिओची खिडकी धरली. 1940 ते 1954 अशी ही मालिका चालली. अंगणात एक वाकडं झाड, मध्ये काच. कधी काचेवर दव, कधी ओघळ, कधी बर्फाची नक्षी. कित्येक फोटोंत झाड नीट दिसतही नाही. आपण असा फोटो डिलीट केला असता. पण ती धूसर काच म्हणजेच बाहेरची थंडी आणि आतली ऊब यांची गाठ. जागा तीच असल्यामुळे बदललं ते फक्त हवामान, हे आपोआप कळतं. टेस्टिंगमध्ये आम्ही हेच करतो: बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलतो.

तरी सुडेकबाबत एक तक्रार आहे. त्याच्या खिडकीतून ऋतू बघायला मिळतो, भोगावा लागत नाही. त्या झाडावर कुणाचं घर चालत नव्हतं. आमचं मोसंबीवर चालायचं. 2012-13 च्या दुष्काळात जालन्यातल्या कितीतरी बागा वाळल्या, आमचीही. बाबांनी टँकरने पाणी घालून पाहिलं आणि शेवटी झाडं तोडली. त्या बागेचा एकही फोटो घरात नाही. चुलतबहिणीच्या हळदीच्या फोटोत मागे थोडी हिरवी कड दिसते, तेवढीच. विहिरीचं पाणी महिन्यागणिक किती खाली गेलं, ते कुणी टिपलं नाही. दुष्काळ एका दिवसात येत नाही, त्यामुळे एका फोटोत मावतही नाही. त्याला सुडेकसारखा चिवटपणा लागतो, आणि तो आमच्या घरात कॅमेऱ्यापुरता नव्हता.

आता मी परत आलोय. दर महिन्याच्या एक तारखेला आई विहिरीच्या काठावरून, त्याच दगडावर उभी राहून, फोटो काढते. नाइट मोड बंद, फिल्टर नाही. मार्चचा फोटो हलला आहे, एप्रिलच्यात तिचं बोट आलंय. मेच्या फोटोत पाण्याऐवजी खडक दिसतो. तिने विचारलं, "ह्यो टाकू का काढून?"

मी म्हटलं, राहू दे.