गाणाऱ्या नाटकाचं मुकं पोस्टर

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखांदूर, पवनीकडच्या गावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि चौकाचौकांत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकांचे फ्लेक्स लागतात. अलीकडच्या हंगामांतले हे फ्लेक्स बघून चीड येते. वर मंडळाचं नाव, मधोमध रक्त ठिबकणाऱ्या अक्षरांतलं शीर्षक, त्याला पिवळी किनार, बाजूला नायिकेचा कापून चिकटवलेला फोटो, खाली गोल चौकटींत इतर चेहरे. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांची नावं तळाशी तिकीटदरांच्या शेजारी, डोळे बारीक करून वाचावीत अशी. काही ठिकाणी तीही नाहीत.

ही चेहऱ्यांची दाटी कॅसेटच्या कव्हरांची आठवण करून देते. व्हॉट्सॲपवरचं हलतं पोस्टर म्हणजे तोच फ्लेक्स, फक्त थरथरणारा. त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

बोलावं ते खिळ्यांच्या छापखान्यातल्या नाटकांच्या जुन्या हँडबिलांबद्दल. पातळ रंगीत कागद, एकच शाई, चित्र जवळजवळ नाहीच. मोठा खिळा कोणाला द्यायचा, हे ठरवल्याशिवाय पान जुळत नसे, आणि तो निवाडा बहुधा गाण्याच्या बाजूने लागे. 1880 च्या ‘संगीत शाकुंतल’पासून नाटकाच्या नावाआधी बसलेला ‘संगीत’ हा शब्द म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्दच होता. एचएमव्हीच्या अनेक तबकड्यांवरही गायकासोबत कवी आणि संगीतकार असत. तिकडे अमेरिकेत ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी डिझायनर रीड माइल्सने नुसत्या अक्षरांच्या मांडणीवर रेकॉर्डची कित्येक कव्हरं उभी केली आणि साथीदारांची नावंही दर्शनी भागावर आणली. कमी साधनांत संगीत दिसू शकतं, याला आणखी काय पुरावा हवा?

तो पुरावा आपल्या भंडाऱ्यातच आहे. खडी गंमत या लोककलेतल्या दुय्यम सामन्याचं, म्हणजे दोन शाहिरांच्या चढाओढीचं, साधं पत्रक घ्या. आमनेसामने दोन शाहीर, प्रत्येकाच्या नावाखाली त्याचं गाव. कोण गाणार आणि कोणाशी भिडणार, हे वाटसरूला चालता चालता कळतं. जाहिरातीने याहून वेगळं काय करायचं असतं?

‘चेहऱ्यावर तिकीट खपतं,’ असं आयोजक सांगतात. मग मध्यरात्री शामियान्यात ‘वन्स मोअर’ कशाला मिळतो? चेहऱ्याला नव्हे, गाण्याला. थंडीत पहाटेपर्यंत माणसं बसून राहतात ती समोर वाजणाऱ्या जिवंत संगीतासाठी. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची मान उंचावली. पण आपल्याच वादकाचं नाव आपण तळाशी दडपत असू, तर दिल्लीच्या मानाचं कौतुक कोणत्या तोंडाने करायचं? हा रंगसंगतीचा प्रश्न नाही. कलावंताची पायरी ठरवण्याचा आहे, आणि ती चुकीची ठरवली जाते आहे.

मंडळांनो, येत्या मंडईचा फ्लेक्स छापायला देताना ऑर्गनवाल्याचं आणि तबलजीचं नाव नायिकेच्या नावाएवढंच मोठं घ्या. जागा कमी पडली तर चेहरे कमी करा.