उर्दू-मराठी कोशनिर्मितीसाठी संगणकप्रणाली : चार कसोट्या

द्विभाषिक शब्दकोश तयार करण्यासाठी आज अनेक संगणकप्रणाली उपलब्ध आहेत. एसआयएल या संस्थेने तयार केलेल्या 'टूलबॉक्स' व 'फिल्डवर्क्स लँग्वेज एक्सप्लोरर' (संक्षेपाने 'फ्लेक्स') या प्रणाली विनामूल्य मिळतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली 'टीलेक्स' विकत घ्यावी लागते. 'लेक्सोनॉमी' मुक्त स्रोत असून ती इंटरनेटवरून वापरता येते. प्रत्यक्षात मात्र महाविद्यालयीन शिक्षकांची शब्दसंपदा बहुधा एक्सेलच्या तक्त्यात साठवलेली आढळते. निवड करताना किंमत आणि दिसण्यातील आकर्षकता यांनाच महत्त्व दिले जाते. उर्दू-मराठी कोशाच्या संदर्भात हे निकष अपुरे आहेत. त्याची कारणे प्रणालीत कमी आणि या दोन भाषांच्या परस्परसंबंधात अधिक आहेत.

हा संबंध निकटचा आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत फारसी व अरबी मूळ असलेल्या शब्दांपुढे तशी खूण केलेली आहे. माधवराव पटवर्धन यांचा 'फार्सी-मराठी कोश' १९२५ साली प्रसिद्ध झाला. परंतु निकटपणातच फसगत आहे. उर्दूतील 'राजीनामा' म्हणजे तडजोडीचा किंवा संमतीचा लेख. आजच्या मराठीतील 'राजीनामा' म्हणजे पदत्याग, ज्याला उर्दूत 'इस्तीफा' म्हणतात. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत मात्र प्रयत्नांची शिकस्त केली जाते. 'इरसाल' उर्दूत पाठवणी, मराठीत माणसाचे विशेषण. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन उर्दू व मोडी कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा अशा वाचनाची निकड सर्वांच्या लक्षात आली. जुन्या दाव्याच्या कागदातील 'राजीनामा' पदत्याग समजून वाचला गेला, तर चूक केवळ भाषेची राहत नाही. तिचा परिणाम एखाद्या कुटुंबाच्या हक्कावर होऊ शकतो.

पहिली कसोटी लिपीची. उर्दूतील 'नजर' (दृष्टी) 'जोय'ने आणि 'नज्र' (भेट, अर्पण) 'जाल'ने लिहितात. देवनागरीत हा भेद पुसट होतो. 'अर्ज' (विनंती) 'ऐन'ने आणि 'अर्ज' (पृथ्वी) 'अलिफ'ने सुरू होतो. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. म्हणून मूळ शब्द उर्दू लिपीत आणि उच्चार देवनागरीत, अशी दोन स्वतंत्र रकान्यांची सोय हवी. 'फ्लेक्स'मध्ये प्रत्येक रकान्यासाठी एकाहून अधिक लिपी ठरवता येतात आणि उजवीकडून डावीकडे लेखनही करता येते. एक दक्षता मात्र संपादकालाच घ्यावी लागते. अरबी व उर्दू कळफलकांवरील 'काफ' आणि 'ये' यांना युनिकोडमध्ये वेगवेगळे संकेतांक आहेत. एका शिक्षकाने एका कळफलकावर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर टंकलेला 'किताब' डोळ्यांना सारखाच दिसतो, पण शोधताना यंत्र त्यांना दोन शब्द मानते. कळफलक आरंभीच ठरवून घेणे, हाच यावर उपाय आहे.

वर्णक्रमाचा प्रश्नही याच कसोटीत येतो. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'नंतर येतो, तर मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'नंतर आहे. ज्या प्रणालीत वर्णक्रम स्वतः ठरवता येत नाही, ती मराठी कोशासाठी निरुपयोगी समजावी. 'फ्लेक्स' या बाबतीत समाधानकारक आहे.

दुसरी कसोटी नोंदीच्या रचनेची. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन. 'किताब' स्त्रीलिंगी, 'पुस्तक' नपुंसकलिंगी. मराठी नामाला सामान्यरूपाचा रकाना लागतो (पाणी, पाण्या-), तर उर्दू नामाला अनेकवचनाचा. 'किताब'चे 'कुतुब' हे रूप विद्यार्थ्याला आपोआप सुचणार नाही. एक्सेलमध्ये एका ओळीत एक शब्द बसतो. त्याला तीन अर्थ आणि प्रत्येक अर्थाला उदाहरण जोडताच तक्ता विस्कटतो. 'टूलबॉक्स'मध्ये रचना लवचीक आहे, पण त्या लवचीकपणामुळे खुणांच्या चुका सहज शिरतात आणि लक्षातही येत नाहीत. 'फ्लेक्स' व 'टीलेक्स' यांत अर्थ आणि उपअर्थ यांची उतरंड पक्की राहते.

तिसरी कसोटी उलटकोशाची. उर्दू-मराठी कोशावरून मराठी-उर्दू कोश आपोआप करून देण्याची सोय हे 'टीलेक्स'चे मोठे आकर्षण होय. या सोयीचे स्वागत करतानाच तिची मर्यादा ओळखली पाहिजे. 'इद्दत' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही. 'तलाकनंतर किंवा पतीच्या निधनानंतर स्त्रीने पाळावयाचा कालावधी' असे स्पष्टीकरण द्यावे लागते. हे वाक्य प्रतिशब्दाच्या रकान्यात लिहिले, तर उलटकोशात ते संपूर्ण वाक्यच 'त'खाली शीर्षशब्द म्हणून उभे राहील. उलट, 'ओटी भरणे' उर्दूच्या बाजूने कधीच येणार नाही, कारण ते कोणत्याही उर्दू शब्दाचे उत्तर नाही. 'फ्लेक्स'मध्ये प्रतिशब्द, व्याख्या आणि उलट नोंद यांचे रकाने वेगळे आहेत. काम थोडे वाढते, पण निर्णय संपादकाच्या हाती राहतो. यंत्राने केलेला उलटकोश हा कच्चा मसुदा समजावा, ग्रंथ नव्हे.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रणालीत भरलेली सामग्री बाहेर काढता येते काय? युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग ठरतो. जुन्या 'इनपेज'मधील उर्दू मजकूरही रूपांतराशिवाय अन्यत्र वापरता येत नाही. एखाद्या शिक्षकाने निवृत्तीपर्यंत जमवलेले शब्द अशा फायलींत अडकले, तर ते त्याच्या उत्तराधिकाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत. या दृष्टीने 'टूलबॉक्स' जुनी असूनही आदरास पात्र आहे, कारण तिची फाईल साधा मजकूर असते आणि कोणत्याही संगणकावर उघडते. 'फ्लेक्स'मधून एक्सएमएलवर आधारित 'लिफ्ट' या विनिमय-स्वरूपात सामग्री बाहेर काढता येते. 'लेक्सोनॉमी'ही एक्सएमएलच वापरते. मात्र इंटरनेटची खात्री नसेल तेथे तिच्यावर विसंबणे कठीण.

या चार कसोट्यांवर उर्दू-मराठी कामासाठी 'फ्लेक्स' सर्वांत योग्य ठरते. ती शिकायला वेळ लागतो आणि जुन्या संगणकावर ती मंद चालते, हे दोष मान्य करावे लागतात. तथापि, कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी विभागातील शिक्षकांनी वीस शब्दांची चाचणी घ्यावी. त्यात 'राजीनामा', 'शिकस्त', 'नजर', 'इद्दत' आणि 'ओटी' असावेत. नोंदी भराव्यात, वर्णक्रम लावावा, उलटकोश काढावा आणि शेवटी सर्व सामग्री बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. या अखेरच्या पायरीवर अडणारी प्रणाली विनामूल्य असली तरी महागच पडेल.