ताराबाईंचा सवाल आणि मास्लोची शिडी

बी.एड. केलेल्या प्रत्येकाला मास्लोचा पिरॅमिड पाठ असतो. तळाशी भूक, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम, मग मानसन्मान आणि अगदी टोकावर आत्मसिद्धी. चार आडव्या रेघा ओढल्या की परीक्षेतला एक प्रश्न सुटतो. अब्राहम मास्लो यांनी १९४३ मध्ये हा सिद्धांत मांडला तेव्हा तो त्रिकोण काढलेला नव्हता. तो नंतर व्यवस्थापनशास्त्राच्या मंडळींनी काढला. गरजांचा हा क्रम सर्वांच्या बाबतीत पक्का नसतो, असेही मास्लो यांनी लिहून ठेवले आहे. गाइडांमधून चित्र तेवढे राहिले, सावधगिरी गळाली.

साहित्याच्या चर्चेतही आता ही शिडी डोकावते. कथेत गरीब वस्तीतला मुसलमान आला, की त्याची भाकरी आणि त्याची दंगलीची धास्ती एवढेच पाहिले जाते. स्वाभिमान, जिज्ञासा, स्वतःला शोधण्याची ओढ या गोष्टी जणू पोट भरलेल्यांच्या. हे वाचन आम्हाला मान्य नाही. ते का मान्य नाही हे सांगायला आमच्या बुलडाण्यातले एकच पुस्तक पुरेसे आहे.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्यात सरकारी कचेरीत कारकून होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या अब्रूवर चिखलफेक सुरू झाली. तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी लेखणी उचलली. त्या मराठा घरातल्या, म्हणजे गोषातल्या. गोषा काय असतो हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ताराबाईंना शिडीवर उभे करून पाहा. मानसन्मानाची पायरी त्यांच्याजवळ नव्हती. सुरक्षितता होती ती घराच्या भिंतीपुरती, आणि लिहिण्याने तीही धोक्यात येणार हे त्यांना कळत होते. तरीही त्यांनी थेट वरच्या टोकाचे काम केले. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात ते एकेक हातात घेऊन, हे पुरुषांत नाहीत काय, असा सवाल केला. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग विधवेनेच का झुरावे, असे विचारले. पुराणांतल्या देवादिकांनाही त्यांनी सोडले नाही. पुस्तकाची रचना विस्कळीत आहे, तेच तेच मुद्दे फिरून येतात. पण हा राग व्याख्यानातला नाही, चुलीपुढचा आहे. म्हणूनच तो खरा वाटतो.

मास्लोपेक्षा कार्ल रॉजर्स यांचा विचार येथे अधिक उपयोगी पडतो. मुलाला प्रेम अटी घालून मिळू लागले, म्हणजे ‘असा वागलास तरच तू आमचा’ हे त्याच्या मनावर ठसले, की ते स्वतःला दुसऱ्याच्या मापाने मोजू लागते आणि त्याचा खरा अनुभव आत दडपला जातो, असे रॉजर्स म्हणतात. पतिव्रताधर्म म्हणजे अशाच अटींची यादी. ताराबाई ती यादी उलटी करून पुरुषांपुढे धरतात.

उर्दूच्या वाचकाला या ठिकाणी डेप्युटी नझीर अहमद यांची १८६९ ची ‘मिरातुल उरूस’ आठवल्याशिवाय राहणार नाही. या कादंबरीला सरकारी बक्षीस मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या ती आमच्या घरांतून मुलींच्या हाती दिली गेली. धाकटी असगरी गुणी: हिशेब चोख ठेवते, चोर मोलकरणीला पकडते, नवऱ्याला पुढे आणते, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवते. थोरली अकबरी हट्टी, आणि एका ठग बाईकडून दागिने घालवून बसणारी. असगरीचे कर्तृत्व आम्ही नाकारत नाही. पण तिला काय हवे आहे, हे लेखक एकदाही विचारत नाही. स्वतःची हौस असलेली बाई कादंबरीत एकच आहे, ती अकबरी, आणि तिलाच अद्दल घडवली आहे. रॉजर्सच्या भाषेत असगरी ही सगळ्या अटींत उत्तीर्ण झालेली मुलगी आहे. आमच्या शाळांतून आजही अशाच मुलीला ‘आदर्श विद्यार्थिनी’ म्हणतात.

परंतु मानवतावादी मानसशास्त्राचीही झाडाझडती घेतली पाहिजे. मास्लो यांनी आत्मसिद्ध व्यक्तींची उदाहरणे म्हणून जी प्रसिद्ध नऊ ऐतिहासिक नावे दिली, त्यांत स्त्रिया दोनच, आणि जेफर्सन आहेत! शेकडो गुलामांचे धनी. एकाची आत्मसिद्धी किती जणांच्या पाठीवर उभी आहे, हा प्रश्न त्या यादीला पडत नाही. ताराबाईंना तो पडला होता. रॉजर्स यांचा इलाज समुपदेशकाच्या खोलीत सुरू होतो. ताराबाईंचे गाऱ्हाणे कायद्याकडे, छापखान्याकडे, धर्माच्या ठेकेदारांकडे आहे.

आमच्यातले काही अभ्यासक घाईने म्हणतात, हे सारे इक्बाल यांनी १९१५ मध्ये ‘असरारे खुदी’त सांगितलेच आहे. तसे नाही. इक्बालची खुदी अल्लाहच्या समोर घडते. मास्लोच्या आत्मसिद्धीला अशा समोरच्याची गरज वाटत नाही. कुरआनातील नफ्से लव्वामा, म्हणजे स्वतःला दोष देणारे मन, याच्याशी तुलना केली तर काही हाती लागेल. स्वतःला दोष देणारे मन आणि दुसऱ्यांनी दोष देऊन देऊन खचवलेले मन यांतला फरक आमच्या टीकाकारांनी अजून नीट तपासलेला नाही. विजयालक्ष्मीचे मन यांपैकी कोणते होते?

पुस्तकाचे स्वागत कडवटपणे झाले. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली, तरी त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हे पुस्तक पुन्हा छापेपर्यंत ९३ वर्षे गेली. रोझालिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ चा आहे. उर्दूतही ते सलग वाचायला मिळावे असे आम्हाला वाटते. अडचण येईल ती भाषेची. नझीर अहमद यांची दिल्लीची बेगमाती जबान येथे चालणार नाही, ती फार धुतलेली आहे. वऱ्हाडातल्या आमच्या आया-खाला भांडताना जी उर्दू बोलतात, ती अनुवादकाने घ्यावी.