बावीस कार्बन, सात ऑक्सिजन

रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.त नेमकं काय शिकवतात, असं विचारलं की विद्यार्थी पेपरांची नावं सांगतो: फिजिकल, इनऑर्गेनिक, ऑर्गेनिक, अ‍ॅनालिटिकल. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी या चारही शाखा शिकायच्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांतली एक निवडून तिच्यात खोल उतरायचं. उत्तर बरोबर असलं, तरी या शिक्षणाची गोडी त्यातून कळत नाही. ती कळायची तर एखादा मजकूर समोर घेऊन बारकाईने वाचायला हवा. त्यासाठी मी एक चार पानी शोधनिबंध निवडला आहे. १९७७ साली तो 'टेट्राहेड्रॉन लेटर्स' या नियतकालिकात छापून आला. त्यामागचं काम ज्या प्रयोगशाळेत आकाराला आलं, ती मुंबईच्या उपनगरात, मुलुंडला होती.

मुंबईच्या उपनगरांना अशा कामाची परंपरा आहे. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते गोरेगावला सिबा संशोधन केंद्राचं उद्घाटन झालं आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखे नैसर्गिक संयुगांचे जाणकार त्याचे संचालक झाले. पुढे मुलुंडला होक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. भारतीय औषधी वनस्पतींचे अर्क काढायचे, रक्तदाबावर आणि हृदयावर त्यांचा काय परिणाम होतो ते तपासायचं, आणि गुण दिसला तर तो कुठल्या घटकामुळे येतो हे शोधायचं, असा तिथला एक मोठा कार्यक्रम होता. त्यात एक वनस्पती उठून दिसली: कोलियस फोर्स्कोली. मराठीत तिला माईनमूळ म्हणतात, गुजरातीत गरमर. तिच्या मुळांचं लोणचं घाटकोपर-मुलुंडच्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. वनस्पतीच्या शास्त्रीय नावात पीटर फोर्स्कॉल या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव आहे, आणि मुळांतून वेगळ्या केलेल्या संयुगालाही त्यावरूनच फोर्स्कोलिन म्हणू लागले.

शोधनिबंधाचे लेखक पाच: एस. व्ही. भट, बी. एस. बाजवा, एच. डोर्नाउअर, एन. जे. डिसूझा आणि एच. डब्ल्यू. फेलहाबर. शीर्षक थोडक्यात असं सांगतं: कोलियस फोर्स्कोलीमधल्या नव्या लॅबडेन डायटर्पेनॉइडांची रचना आणि त्रिमिती मांडणी. एवढ्या एका ओळीत अभ्यासक्रमाची तीन प्रकरणं येतात. 'डायटर्पेनॉइड' म्हटलं की विद्यार्थ्याला कळायला हवं, की पाच कार्बनांचे चार आयसोप्रीन तुकडे जोडून वीस कार्बनांचा सांगाडा झाला आहे. 'लॅबडेन' म्हटलं की त्या सांगाड्याची घडी कळते: दोन सहा-कार्बनी कडी एकमेकींना चिकटलेली आणि त्यांतून बाहेर निघालेली एक साखळी. आणि 'त्रिमिती मांडणी' या शब्दांत लेखकांनी जबाबदारी उचलली आहे. कुठला अणू कुठल्या अणूला जोडला आहे एवढं सांगून ते थांबणार नाहीत. प्रत्येक गट कागदाच्या वर आहे की खाली, हेही सांगणार आहेत.

आता रेणूकडे वळू. फोर्स्कोलिनमध्ये कार्बनचे २२, हायड्रोजनचे ३४ आणि ऑक्सिजनचे ७ अणू आहेत, रेणुवस्तुमान सुमारे ४१०.५. वीस कार्बनांच्या सांगाड्यात बावीस कार्बन आले कुठून? उरलेले दोन अ‍ॅसिटेट गटाचे. पुढचा प्रश्न हायड्रोजनचा. बावीस कार्बनांची कडी नसलेली, पूर्ण संपृक्त साखळी असती तर तिच्यात ४६ हायड्रोजन मावले असते. इथे ३४ आहेत, म्हणजे बारा कमी. प्रत्येक कडं किंवा प्रत्येक दुहेरी बंध दोन हायड्रोजन कमी करतो, तेव्हा असे सहा हिशेब लागायला हवेत. ते चोख लागतात: तीन कडी, कीटोनचा एक कार्बोनिल, अ‍ॅसिटेटचा दुसरा कार्बोनिल आणि साखळीच्या टोकाचा एक दुहेरी बंध. ऑक्सिजनचंही तसंच. तीन हायड्रॉक्सिल गटांत तीन, अ‍ॅसिटेटमध्ये दोन, कीटोनमध्ये एक आणि तिसऱ्या कड्यात ईथर म्हणून बसलेला एक. एकूण सात. हा हिशेब बी.एस्सी.लाही शिकवतात, पण त्याचा आनंद एम.एस्सी.त येतो, कारण इथे तो पडताळा म्हणून वापरायचा असतो. मांडलेली रचना कितीही देखणी असली तरी सहा आणि सात हे आकडे जुळले नाहीत, तर ती फाडून टाकावी लागते.

विद्यार्थी ज्याला नुसतं 'स्पेक्ट्रो' म्हणतात, तो भाग यानंतर येतो, आणि माझ्या मते या पदवीचा सगळा रस तिथे आहे. एनएमआरच्या (अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनाच्या) कागदावर प्रत्येक प्रकारचा हायड्रोजन आपली जागा सांगतो आणि शेजारी कोण आहे तेही सांगतो. फोर्स्कोलिनच्या वर्णपटात पाच मिथाइल गटांच्या पाच एकेरी, न फुटलेल्या रेषा दिसतात. रेषा फुटत नाही, म्हणजे शेजारच्या कार्बनावर हायड्रोजन नाही, म्हणजेच पाचही मिथाइल अशा कार्बनांवर आहेत ज्यांचे उरलेले हात आधीच गुंतले आहेत. सहावी एकेरी रेषा थोडी दूर, २ पीपीएमच्या पुढे, अ‍ॅसिटेटच्या मिथाइलची. पाच ते सहा पीपीएमच्या पट्ट्यात टोकाच्या दुहेरी बंधावरचे तीन हायड्रोजन दिसतात. त्यांच्यातल्या युग्मनाचे, म्हणजे शेजारच्या हायड्रोजनमुळे रेषा किती फुटते त्याचे आकडे, सुमारे १७ आणि सुमारे १०.५ हर्ट्‌झ, सांगतात की कोण कोणाच्या समोरच्या बाजूला आहे आणि कोण त्याच बाजूला. या तिघांना चौथ्या कुणाशी युग्मन दिसत नाही. म्हणून दुहेरी बंध ज्या कार्बनाला जोडला आहे त्याच्यावर एकही हायड्रोजन नाही. जे दिसत नाही, त्यातूनही एक कार्बन जागच्या जागी बसवता आला.

पहिल्या क्रमांकाच्या कार्बनावरचा हायड्रोजन तर सावकाश पाहण्यासारखा. त्याच्या एका बाजूला हायड्रोजन नसलेला कार्बन, दुसऱ्या बाजूला दोन हायड्रोजन असलेला. शेजारच्या त्या दोघांशीही त्याचं युग्मन लहान आहे, तीन हर्ट्‌झच्या आसपास. मार्टिन कारप्लस यांनी १९५९ साली युग्मन आणि दोन बंधांमधला कोन यांचं नातं मांडलं होतं. ते हाताशी घेतलं की अर्थ उलगडतो. हा हायड्रोजन कड्याच्या अक्षाला समांतर उभा असता, तर शेजाऱ्यांपैकी एकाशी युग्मन दहाच्या पुढे गेलं असतं. ते गेलेलं नाही, म्हणून तो आडवा आहे. तो आडवा, म्हणून त्याच कार्बनावरचा हायड्रॉक्सिल उभा, आणि या सांगाड्यात तो खालच्या बाजूला. कुणी डोळ्यांनी न पाहिलेल्या एका गटाची दिशा तीन हर्ट्‌झच्या एका आकड्यावरून ठरली. फोर्स्कोलिनमध्ये असे आठ त्रिमिती केंद्रबिंदू आहेत, म्हणजे कागदावर २५६ शक्यता. त्यांतली एकच खरी, आणि लेखकांना ती पुराव्यानिशी निवडायची होती. 'स्टिरिओ'चा पेपर कंटाळवाणा वाटणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हा एक रेणू ठेवावा.

हे झालं ऑर्गेनिक. पण हाच रेणू धरून पुढे गेलं की बाकीचे पेपर आपोआप उघडतात. १९८१ साली सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवलं, की फोर्स्कोलिन अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला थेट चालना देतं. पेशीतला चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू तयार करणारं हे विकर. त्या निरोप्यावरच्या कामासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं होतं. फोर्स्कोलिन आलं आणि जगभरच्या जीवरसायन प्रयोगशाळांना हे विकर हवं तेव्हा जागं करण्याचं साधन मिळालं. १९९७ साली टेस्मर, सुनहारा, गिलमन आणि स्प्रँग यांनी या विकराच्या क्रियाशील भागाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. विकराचे दोन भाग जिथे भिडतात, त्या खाचेत बसून फोर्स्कोलिन त्यांना एकत्र धरून ठेवताना तिच्यात दिसतं. ते तिथे का टिकतं, किती घट्ट टिकतं, विक्रियेचा वेग त्याने किती वाढतो, हे प्रश्न ऊष्मागतिकीचे आणि गतिकीचे, म्हणजे फिजिकलच्या पेपरचे. विकराचं प्रत्यक्ष काम दोन धातू आयनांच्या मदतीने चालतं, पेशीत मुख्यतः मॅग्नेशियमच्या. हा प्रश्न इनऑर्गेनिकमधल्या जैवअकार्बनी रसायनाचा. आणि सुक्या मुळांत फोर्स्कोलिन वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतं, तेव्हा ते शेकडो इतर घटकांतून वेगळं काढून मोजायचं कसं, हा प्रश्न अ‍ॅनालिटिकलचा. त्यातही पेच आहे. या रेणूत एकाआड एक दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे अतिनील प्रकाश तो फारच कमी शोषतो, आणि घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तंत्राच्या नेहमीच्या शोधकाला तो नीट दिसत नाही. गुणपत्रिकेवर चार वेगळ्या रकान्यांत छापलेले विषय एका मुळाच्या अर्कात एकत्र आले आहेत.

या कथेचं दुसरं टोक लखनौला आहे. त्याच १९७७ साली तिथल्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी याच वनस्पतीतून मिळालेल्या कोलिओनॉल नावाच्या संयुगाची रचना प्रसिद्ध केली. ती आणि मुलुंडची रचना त्रिमिती मांडणीत वेगळ्या होत्या, त्यामुळे काही काळ ही दोन निरनिराळी संयुगं मानली गेली. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की दोन्ही एकच आहेत, आणि कोलिओनॉलची आधीची रचना दुरुस्त करण्यात आली. हा रेणू हाताळायलाही अवघड. अल्कली लागताच त्याचा अ‍ॅसिटाइल गट शेजारच्या ऑक्सिजनवर सरकतो. दोन रचनांच्या या प्रसंगात मला कुणाची हार-जीत दिसत नाही. विज्ञान छापलेल्या मजकुराकडे पुन्हा परत येतं, पुरावा नव्याने तपासतं आणि चूक सुधारतं, ही त्याची खरी ताकद इथे दिसते. एम.एस्सी.च्या पाठ्यपुस्तकांत रचना पक्क्या शाईत छापलेल्या असतात. प्रत्येकीमागे असा वाद होऊन गेलेला असू शकतो, हे विद्यार्थ्याला कळलं की तो पाठ करणं सोडून वाचू लागतो.

औषध म्हणून फोर्स्कोलिनची मोठी अडचण ही, की ते पाण्यात जेमतेम विरघळतं. त्याच्या सहाव्या कार्बनावरच्या ऑक्सिजनला अमाइन असलेला एक गट जोडून जपानमध्ये कोलफोर्सिन डॅरोपेट हे विद्राव्य रूप तयार झालं आणि १९९९ पासून ते तिथे हृदयविकारात वापरलं जाऊ लागलं. मुलुंडचं ते केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामलकडे गेलं. शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका सुजाता भट यांनी पुढे दोन सहलेखकांसह 'केमिस्ट्री ऑफ नॅचरल प्रॉडक्ट्स' हे पाठ्यपुस्तक लिहिलं. रेणूची रचना उलगडणारा हात विद्यार्थ्यांसाठीही लिहिता झाला, याचं मोल मला फार वाटतं.

२०२३ पासून महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी चौकट आली आहे. दर सत्राला २२ श्रेयांक, पहिल्या वर्षात संशोधन पद्धती आणि कामाच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षण, दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प. चौकट चांगली आहे, पण तिच्यात भरायचं काय हे शिक्षकाच्या हातात आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या मुलांना संशोधन पद्धती शिकवताना दूरच्या देशांतली उदाहरणं द्यायची गरज नाही. त्यांच्याच लोकलच्या मार्गावर झालेलं हे काम समोर ठेवावं, चार पानं हातात द्यावीत, आणि लेखकांच्या प्रत्येक विधानापुढे समासात त्याचा पुरावा लिहायला सांगावं: हे एनएमआरवरून, हे वस्तुमान वर्णपटावरून, हे रासायनिक विक्रियेवरून. जिथे पुरावा सापडणार नाही तिथे प्रश्नचिन्ह करायला सांगावं, आणि त्या प्रश्नचिन्हालाही गुण द्यावेत. ज्या मुलीचा किंवा मुलाचा समास असा भरून आला, त्यांना पुढे औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात कुणी आलेख दाखवला तर ते त्यावर डोळे मिटून सही करणार नाहीत. या पदवीकडून समाजाने अपेक्षा करावी ती एवढीच, आणि ती पुरी करायला दोन वर्षं पुरेशी आहेत.