खुंट्यावरचा दुसरा हात

जात्यावरच्या ओवीविषयी बोलताना आपण सहसा माहेराची ओढ, भावाची माया आणि सासरचा जाच यांचीच चर्चा करतो. ओवी म्हणजे एकाकी स्त्रीने पहाटेच्या काळोखात स्वतःशीच केलेला विलाप, असे एक चित्र त्यामुळे मनावर ठसते. बेळगावच्या इंदिरा संत यांची ‘मालनगाथा’ पुन्हा वाचताना हे चित्र अपुरे वाटू लागते.

दोन भागांच्या या ग्रंथात इंदिराबाईंनी पारंपरिक स्त्रीगीतांचे संकलन व रसग्रहण केले आहे. ही गीते रचणारी निनावी स्त्री म्हणजे मालन. तिचे दुःख तर उघडच आहे. पण ते कोणापुढे उघडे झाले, हा प्रश्न टीकाकाराने विचारावयास हवा. जड जाते बहुधा दोघींनी ओढावयाचे असे. खुंटा एक आणि हात दोघींचे. एकीने ओवी उचलावी, दुसरीने ती पुढे न्यावी. ‘सई’, ‘सखी’, ‘शेजी’ ही संबोधने केवळ यमक जुळविण्यासाठी आलेली नाहीत. समोर बसलेल्या बाईला घातलेली ती साद आहे. कोंकणीत जिला आपण ‘इश्टीण’ म्हणतो, तीच ही. दोघी समोरासमोर असतात, पण दृष्टी पिठाकडे असते. त्यामुळे जे डोळ्यांत पाहून बोलता येणार नाही, ते सुरात बोलता येते. शिवाय ऐकणाऱ्या घराला ते गाणेच वाटते. तक्रार केल्याचा ठपका गाणारीवर येत नाही.

आपल्या भक्तिपरंपरेने हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. जनाबाईसंगे विठ्ठल दळू लागला, ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली आहे! जनाबाई त्याला विठाबाई म्हणून हाक मारते. देवाने तिला दासीपणातून एका क्षणात सोडविले, असे ही कथा सांगत नाही. तो तिच्यासमोर बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला, एवढेच ती सांगते. दुःखिताला सखी काय देऊ शकते, याचे इतके नेमके वर्णन दुसरे क्वचितच सापडेल.

इंदिराबाईंच्या आयुष्याकडे पाहिले की या ग्रंथाला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. १९४६ साली पती, कवी ना. मा. संत यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या बत्तीस वर्षांच्या होत्या. अध्यापन करीत त्यांनी मुलांना वाढविले. ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) या संग्रहांतील कविता वारंवार एका अनुपस्थित व्यक्तीशी बोलते. आणि तिकडून उत्तर येत नाही. ‘मालनगाथे’त मात्र उत्तर येते. माझा तर्क असा की, स्वतःच्या कवितेत एकाकी राहिलेली ही कवयित्री येथे त्या निनावी बायकांच्या जात्यासमोर येऊन बसली आहे. म्हणून हे रसग्रहण पंडिताचे वाटत नाही, सखीचे वाटते.

अर्थात मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. छापील ओळीत एक बाई कोठे थांबली आणि दुसरी कोठे सुरू झाली, हे कळत नाही. पुस्तक दोन कंठांचा एक कंठ करते. आणि जात्याभोवतीचे सख्य घराच्या व जातीच्या उंबरठ्याआड वाढलेले होते, हेही कौतुकाच्या भरात विसरता कामा नये.

पुढे पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले. पण जोडीने राबणाऱ्या बायकांचे सख्य संपले नाही. बेळगावहून निपाणीकडे गेले की त्याचे निराळे रूप दिसते. तेथील तंबाखूच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेवर ‘युगांतर’ गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा सुमारे २५ मिनिटांचा माहितीपट काढला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचे. कित्येक महिने त्या बायकांत बसून, त्यांचे बोलणे ऐकून तो घडविलेला आहे. शीर्षकातील ‘ऊब’ हा शब्द ध्यानात घ्यावा. तो गोधडीचा, आईच्या कुशीचा शब्द आहे. जवळ बसल्याने जी ऊब येते, तिनेच सुमारे ३००० स्त्रियांचे आंदोलन तापविले. ओवीने जे आडून सांगितले, ते येथे उघड मागणी होऊन आले. मालनीची सखी तिचे दुःख ऐकून घेई. निपाणीची सखी तिच्याबरोबर उठून उभी राहिली. पण ऐकून घेणे आधी घडले, म्हणूनच उठणे शक्य झाले.

आपल्या देवळांच्या सभामंडपांत हळदीकुंकवाचे सोहळे होतात. कुंकू गमावलेली बाई त्या दिवशी बहुधा घरीच राहते. जात्याने मात्र कपाळ पाहून कोणाला दूर लोटले नव्हते. सभामंडपात एखाद्या दुपारी ‘मालनगाथे’तील ओव्या दोघीदोघींनी आळीपाळीने म्हणाव्यात, आणि पहिले बोलावणे त्या घरी राहणारीला जावे, अशी माझी सूचना आहे. त्या दिवशी गाथेतील दुसरा कंठही ऐकू येईल.