'मुंबईचे वर्णन' आणि वेशीबाहेरची गावे

गोविंद नारायण माडगावकर यांचा 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ 1863 साली प्रसिद्ध झाला. एका शहराचा समग्र वृत्तांत मराठीत सांगण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होय. माडगावकर मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती मिशनच्या शाळेतील शिक्षक, धर्माने मात्र अखेरपर्यंत हिंदू. बेटे, बंदरे, बाजार, देवालये, शाळा, छापखाने, जातीजमाती असा सारा पसारा त्यांनी शिक्षकाच्या शिस्तीने मांडला. 1889 साली आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला, तोही त्याच वाटेने चालणारा.

सात बेटांमधल्या खाड्या बुजवून एक नगरी उभी राहिली, ती आलेल्यांची नगरी आहे, हे माडगावकरांनी नेमके ओळखले. इंग्रजी अमलाविषयीचा त्यांचा आदर लपून राहत नाही. परंतु त्या पिढीच्या लेखकाला त्यासाठी दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. आमची तक्रार निराळी आहे. माणसे आणि माल शहरात पोचल्यावर माडगावकरांची लेखणी चालू लागते. ती निघाली कोठून, ते घर वर्णनाबाहेर राहते.

ग्रंथाचे साल पाहावे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईवर पैशांचा पाऊस पडला. 1865 मध्ये युद्ध संपताच सट्टा कोसळला. 1864 च्या गणतीत शहराची लोकसंख्या 8,16,562 होती. 1872 मध्ये ती 6,44,405 वर आली. हे ग्रंथ या भरतीच्या ऐन मध्यावर लिहिला गेला. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस नेण्यासाठी अरुंद रुळांची गाडी आली. ती आज धावत नाही; पण मुंबईच्या वैभवात आमच्या या काळ्या मातीचा वाटा होता, याची ती खूण.

आता आपल्या ख्रिस्ती लेखनाकडे वळू. मुंबई, साष्टी आणि वसई येथील जुन्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राखण्यासाठी 1887 साली 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. खोताची वाडी, माथारपाखाडी या वस्त्यांना शहराने वेढले. तीच लाट पुढे वसईवर आली. 2009 साली महानगरपालिका स्थापन झाली, आणि 2011 च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी दिलेला लढा वाचकांना ठाऊक आहे. बागायती, विहिरी, केळीचे मळे यांविषयीचे हळवे लेखन आमच्या समाजात विपुल झाले, आणि त्यातील दुःख खरे आहे. आम्हीही त्याच मातीतले. तसे लेखन आमच्या हातूनही झाले आहे.

पण या लेखनात 'बाहेरचे लोक' हा शब्द फार सहजपणे येतो. माडगावकरांनी आलेल्यांना निदान जातीधंद्यासह नोंदवले. आपण त्यांना एका शब्दात गुंडाळतो. वसई तालुक्यात समुद्रकाठी एक कळंब आहे, आणि चिंतामणीचे हे यवतमाळ जिल्ह्यातील कळंब दुसरे. पत्ता सांगताना आमची नेहमी गंमत होते. या कळंबचा तरुण कापसाच्या एका हंगामात कर्जात बुडतो आणि नालासोपाऱ्याला खोली घेतो, तेव्हा त्या कळंबच्या वाचकाला तो विहिरीचे पाणी पळवणारा दिसतो. दोघांच्याही शेताचे नुकसान एकाच बाजाराने केलेले असते, हे आपल्या साहित्यात अजून आलेले नाही.

पवित्र शास्त्रातील नहेम्याच्या ग्रंथात, अकराव्या अध्यायात, नगरलेखनाचा एक जुना नमुना आहे. यरुशलेमची तटबंदी पुरी झाली, पण आत वस्ती विरळ. म्हणून चिठ्ठ्या टाकून दहांतून एकाने नगरात राहायला यावे असे ठरते. जे आपणहून आले त्यांना लोकांनी आशीर्वाद दिला. आणि अध्याय तेथे थांबत नाही. उरलेले नऊ ज्या गावांत राहिले, ती गावे शेतशिवारांसह नोंदली आहेत. रुक्ष यादी म्हणून आपण ती पाने उलटतो. सेमिनरीत असताना आम्हीही उलटली. आज माडगावकरांचा ग्रंथ मिटताना नेमकी तीच पाने त्यात हवी होती असे वाटले.

धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत समासाची जागा रिकामी असते. त्या व्यक्तीचा विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला की तेथून कळवले जाते आणि समासात त्याची नोंद होते. आमच्या वहीत अलीकडे कल्याण, विरार, नालासोपारा ही नावे वाढली आहेत. मागच्या आठवड्यात आणखी एक कागद आला. अजून नोंद करायची आहे.